मराठीतील वर्तुळवाचक व भ्रमणवाचक शब्द : एक अर्थविचार

प्रस्तावना

'फेरफाराच्या नोंदीसाठी मंडळ अधिकाऱ्याच्या कार्यालयात चकरा माराव्या लागल्या' हे वाक्य महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी सहज कानावर पडते. या एकाच वाक्यात 'फेर', 'मंडळ' आणि 'चक्कर' असे वर्तुळाशी अथवा वर्तुळाकार गतीशी नाते सांगणारे तीन शब्द आले आहेत. तरीही बोलणाऱ्याच्या मनात कोणताही गोल आकार नसतो. फेरफार म्हणजे जमिनीवरील हक्कात झालेला बदल, मंडळ म्हणजे काही गावे मिळून केलेला महसुली विभाग आणि चकरा म्हणजे हाती काही न लागता घातलेल्या खेपा. घरापासून कार्यालयापर्यंतचा रस्ता अगदी सरळ असला, तरी त्या चकराच ठरतात.

मराठीत गोलाईचे आणि गोल फिरण्याचे शब्द विपुल आहेत. वर्तुळ, वृत्त, वलय, चक्र, चाक, मंडळ, रिंगण, कडे, परीघ, घेर, वेढा, विळखा, वळसा, भोवरा, फेर, फेरा, फेरी, चक्कर, गिरकी, घिरटी, प्रदक्षिणा, परिक्रमा, आवर्तन अशी यादी पुष्कळ लांबवता येईल. शब्दकोशांत त्यांतील अनेक शब्द एकमेकांचे पर्याय म्हणून दिलेले आढळतात. प्रत्यक्ष वापरात मात्र ते क्वचितच एकमेकांची जागा घेऊ शकतात, कारण हे शब्द आकारापेक्षा वेगळ्या दोन गोष्टी सांगत असतात. फिरण्याच्या मध्यभागी कोण अथवा काय आहे, ही एक. फिरून मूळ जागी आल्यावर फिरणाऱ्याचे काय झालेले असते, ही दुसरी. या दोन बाबींकडे दुर्लक्ष करून एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द वापरला, तर केवळ शैली बिघडत नाही. काही ठिकाणी धार्मिक विधीचा, कायद्याचा आणि व्यवहाराचा अर्थच बदलतो. प्रस्तुत लेखात निवडक शब्दांच्या आधारे हा मुद्दा स्पष्ट करण्याचा प्रयत्न आहे.

वर्तुळ, वृत्त आणि वाटोळे

संस्कृतातील 'वृत्' या धातूचा अर्थ फिरणे, वळणे तसाच असणे, घडणे असाही आहे. मराठीतील फार मोठा शब्दसंग्रह या एका धातूवर उभा आहे. वर्तुळ आणि वृत्त हे तर उघडच त्याचे अपत्य. पण वर्तन, वृत्ती, वर्तमान, आवृत्ती, परिवर्तन, निवृत्ती हे शब्दही त्याच घरचे होत. 'वृत्त' हे मुळात 'फिरलेले' आणि 'घडलेले' अशा दोन्ही अर्थांचे रूप असल्यामुळे बातमीला वृत्त म्हणता येते आणि वृत्तपत्र हा शब्द सिद्ध होतो. अक्षरांच्या ठरावीक क्रमाने फिरून फिरून येणाऱ्या काव्यरचनेलाही वृत्त हेच नाव आहे.

येथे शालेय परिभाषेतील एक गंमत नोंदविण्यासारखी आहे. मराठी माध्यमाचा विद्यार्थी भूमितीच्या तासाला 'वर्तुळ' शिकतो आणि भूगोलाच्या तासाला विषुववृत्त, कर्कवृत्त, अक्षवृत्त शिकतो. हिंदी माध्यमातील त्याचा समवयस्क भूमितीतही 'वृत्त'च म्हणतो. आर्यभटाने इ. स. 499 मध्ये रचलेल्या ग्रंथात 20,000 व्यासाच्या वृत्ताचा परीघ सुमारे 62,832 येतो असे सांगितले आहे. तेथेही शब्द वृत्त हाच आहे. परिघासाठी तेथे 'परिणाह' आणि व्यासासाठी 'विष्कंभ' या संज्ञा येतात. आज मराठीत रूढ असलेला 'परीघ' हा शब्द संस्कृतात प्रामुख्याने दाराच्या अडसरासाठी वापरला जाई. बाहेरच्याला आत येऊ न देणारी वस्तू वर्तुळाची सीमारेषा झाली. 'सत्तेच्या परिघाबाहेर' या आजच्या प्रयोगात तो जुना अडसर नकळत पुन्हा जाणवतो.

याहून अर्थपूर्ण उदाहरण 'वाटोळे' या शब्दाचे आहे. संस्कृत 'वर्तुल' शब्दाचे प्राकृतात 'वट्टुल' झाले आणि त्यापासून मराठी 'वाटोळा, वाटोळी, वाटोळे' ही विशेषणरूपे आली. म्हणजे वर्तुळ आणि वाटोळे हा मुळात एकच शब्द. एक संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला, दुसरा लोकांच्या तोंडी घासून गुळगुळीत झालेला. वाटोळा चेहरा, वाटोळे डोळे असे प्रयोग जुन्या गद्यात निःसंकोच येतात. पण 'वाटोळे होणे', 'वाटोळे करणे' या वाक्प्रचारांत त्याच शब्दाचा अर्थ सर्वनाश असा आहे. संसाराचे, इस्टेटीचे, पिकाचे, आयुष्याचे वाटोळे होते. ज्याला कंगोरे होते, हातपाय होते, ते सारे जाऊन काही उरत नाही. या नामाने विशेषणाला हळूहळू बाजूला सारले. आज 'वाटोळा चेहरा' असे लिहिणारा लेखक थोडा थबकतो आणि 'गोल चेहरा' असे लिहितो. तत्सम भावंड मात्र भूमितीच्या पुस्तकात प्रतिष्ठेने नांदते आहे. जुन्या हिशेबाच्या भाषेत शून्याला 'पूज्य' म्हणत, हेही येथे आठवावे. एकाच पोकळ गोलाला आदराचे नाव आणि त्याच गोलाईला विनाशाचा अर्थ, अशी दोन्ही टोके मराठीने सांभाळली आहेत.

इंग्रजीच्या सहवासाने वर्तुळ या शब्दाला एक नवा अर्थ चिकटला. 'राजकीय वर्तुळात चर्चा आहे' हा वृत्तपत्रीय प्रयोग उघडच भाषांतरित आहे. त्याच अर्थाचा 'गोट' हा शब्द मराठीजवळ होता आणि आहे. 'राजकीय गोटात' म्हटले की तळ ठोकून बसलेली, सावध आणि सज्ज माणसे डोळ्यांसमोर येतात. 'वर्तुळात' म्हटले की कोणीच येत नाही. बातमीदाराला कदाचित तेच सोयीचे असावे.

मध्यभागी कोण?

फिरण्याच्या क्रियेला आदर प्राप्त होतो तो मध्यभागी असलेल्या वस्तूमुळे. 'प्रदक्षिणा' या शब्दात गोल या अर्थाचा एकही घटक नाही. त्यात 'दक्षिण' म्हणजे उजवी बाजू आहे. देवता आपल्या उजव्या हाताला ठेवून चालणे ही प्रदक्षिणेची अट आहे. वाट चौकोनी असली तरी चालते, आणि बहुतेक देवळांत ती चौकोनीच असते. शिवमंदिरातील सोमसूत्री प्रदक्षिणेत हे अधिक स्पष्ट होते. शाळुंकेच्या पाण्याची वाट ओलांडायची नसल्यामुळे भाविक तेथपर्यंत जातो आणि आल्या वाटेने परत फिरून दुसऱ्या बाजूने पुन्हा तेथवर येतो. येथे वर्तुळ पूर्णच होत नाही आणि तरीही ती प्रदक्षिणा पूर्ण मानली जाते. म्हणून प्रदक्षिणा या शब्दाचा अनुवाद 'गोल फिरणे' असा केल्यास विधीतील नेमकी गोष्ट निसटते.

नर्मदेच्या संदर्भात मराठी भाषक 'परिक्रमा' हा शब्द वापरतात. नदीची लांबी 1,312 किलोमीटर आहे. दोन्ही तीर धरले तर अंतर 2,600 किलोमीटरांच्या पुढे जाते. नदी उजव्या हाताला ठेवायची आणि कोठेही ओलांडायची नाही, म्हणून मुखाजवळ समुद्रातून नावेने दुसऱ्या तीरावर जावे लागते. येथे केंद्र हा बिंदू नसून एक लांबच लांब वाहती रेषा आहे. त्र्यंबकेश्वर येथे श्रावणातील तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीला जी प्रदक्षिणा घातली जाते, तिला लोक आपुलकीने 'फेरी' म्हणतात. पंढरपुरात एकादशीला होते ती 'नगरप्रदक्षिणा'. परिक्रमा, फेरी आणि प्रदक्षिणा या तीन शब्दांतील फरक अंतराचा आणि जवळिकीचा आहे.

'रिंगण' हा शब्द तर आकाराच्या कल्पनेला सरळसरळ धुडकावतो. आषाढी वारीत गोल रिंगण असते तसेच उभे रिंगणही असते. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यातील पहिले उभे रिंगण सातारा जिल्ह्यात तरडगावजवळ चांदोबाचा लिंब येथे होते. वारकरी दोन्ही बाजूंना रांगा करून उभे राहतात आणि मधल्या मोकळ्या वाटेतून अश्व धावतो. ही वाट सरळ रेषा आहे, तरी तिला रिंगण हेच नाव आहे. याचा अर्थ असा की, रिंगण म्हणजे वर्तुळ नव्हे. माणसांनी आपल्या शरीरांनी राखून ठेवलेली मोकळी जागा म्हणजे रिंगण. तुकाराम महाराजांच्या पालखीच्या वाटेवर काटेवाडी येथे मेंढ्यांचे रिंगण होते. तेथे मेंढ्या पालखीभोवती धावतात. निवडणुकीच्या बातम्यांत उमेदवार 'रिंगणात उतरतात', तेव्हाही सभोवती पाहणाऱ्यांचे कडे गृहीत असते. कडे नसेल तर रिंगण नाही.

आता मध्यभागी देव नसेल तर काय होते हे पाहण्यासाठी 'खेटे' हा शब्द उपयोगी पडतो. कोल्हापूरकडे माघ महिन्यातील रविवारी जोतिबाच्या डोंगरावर पायी जाण्याची प्रथा आहे. तिला 'जोतिबाचे खेटे' म्हणतात. अनेक भाविक हे अंतर अनवाणी चालतात आणि त्यात त्यांना धन्यता वाटते. 'कोर्टाचे खेटे', 'कचेरीचे खेटे' या प्रयोगांत शब्द तोच, पायपीट तीच, वारंवारताही तीच. बदलते ते केवळ टोकाशी बसलेले दैवत. एका खेट्यात पुण्य साठते, दुसऱ्यात चपला झिजतात. 'हेलपाटा' आणि 'चकरा' हे त्याच दुसऱ्या प्रकारातील शब्द होत. यात वचनाचाही भाग आहे. 'जरा एक चक्कर मारून येतो' या एकवचनात मोकळेपणा आहे; 'चकरा मारल्या' या अनेकवचनात तक्रार आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 हा एका अर्थाने या अनेकवचनाविरुद्ध केलेला कायदा आहे. सेवा किती दिवसांत मिळावी हे ठरवून देणे म्हणजे चकरांची संख्या मर्यादित करणे होय.

'मंडळ' या शब्दात केंद्राचा प्रश्न राजकीय होतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील राजमंडलाच्या मध्यभागी विजयाची इच्छा धरणारा राजा असतो आणि शेजारी, शेजाऱ्याचा शेजारी अशा क्रमाने शत्रू व मित्र त्याच्या सभोवती मांडले जातात. 'मांडलिक' हा शब्द त्याच कुळातला; मंडळात असूनही मध्यभागी नसलेला तो मांडलिक. शिवकालीन अष्टप्रधान मंडळापासून आजच्या मंत्रिमंडळापर्यंत, महामंडळापर्यंत आणि गल्लीतील गणेशोत्सव मंडळापर्यंत हा शब्द पोहोचला, तेव्हा मात्र मध्य हरवला आणि एकत्र बसलेली माणसे तेवढी उरली. 'मंडळी' या संबोधनात सर्व समान आहेत. जुन्या पिढीतील गृहस्थ पत्नीचा उल्लेखही 'मंडळी' असा करीत. एका व्यक्तीला समूहवाचक नाव देऊन तिचे नाव टाळण्याची ती रीत होती. महसूल खात्यातील मंडळ अधिकाऱ्याला ग्रामीण भागात 'सर्कल' किंवा 'सर्कल साहेब' म्हणतात. हा शब्द लॅटिन 'सर्कस' शब्दाच्या कुळातला आहे. विष्णुपंत छत्रे यांनी 1880 मध्ये पहिली भारतीय सर्कस उभी केली, तीही मुळात रिंगणात धावणाऱ्या घोड्यांची करामत होती. अर्थात 'सर्कल साहेबा'कडे जाणाऱ्याच्या मनात हे नाते नसते.

फेर, फेरा आणि फेरी

मराठीत पुल्लिंगी आकारान्त आणि स्त्रीलिंगी ईकारान्त अशी जोडी आली की बहुधा पहिली वस्तू मोठी व जड, दुसरी लहान व हलकी असते. गाडा-गाडी, गोळा-गोळी, लोटा-लोटी ही परिचित उदाहरणे. फेरा आणि फेरी या जोडीत हाच नियम अमूर्त पातळीवर काम करतो. फेरी माणूस स्वतः मारतो. फेरा माणसावर येतो. प्रभातफेरी, गावफेरी, चर्चेची पहिली फेरी हे सारे मोजता येणारे आणि संपणारे असते. जन्ममरणाचा फेरा, नशिबाचा फेरा, ग्रहांचा फेरा यांतून सुटका हवी असते आणि ती आपल्या हाती नसते. 'जन्ममरणाची फेरी' असे म्हटले तर ते थट्टेचे वाटेल.

गोव्यात मांडवीवरून पलीकडे नेणारी ती 'फेरीबोट'. त्यातील 'फेरी' इंग्रजी आहे, पण ती बोट दिवसभर फेऱ्या मारीत असल्यामुळे मराठी कानाला तो शब्द आपलाच वाटतो. 'फेरीवाला' हा शब्द मात्र अस्सल असूनही अडचणीचा ठरला. फेरीवाला म्हणजे फिरून विकणारा. शहरांतील बहुसंख्य विक्रेते तर एकाच जागी बसतात. 2014 च्या केंद्रीय कायद्याने 'पथविक्रेता' ही संज्ञा स्वीकारून फिरणाऱ्याला आणि बसणाऱ्याला एकाच व्याख्येत आणले. 'फेरीवाला आहेस तर फिरत राहा' असा युक्तिवाद शब्दाच्या आधारे करता येत होता, तो या संज्ञेमुळे लंगडा पडला.

'फेर' हा शब्द यांहून वेगळा. नाचात फेर धरतात. आश्विनात भोंडल्याच्या वेळी पाटावर हत्तीचे चित्र मांडून मुली त्याच्याभोवती फेर धरतात. तेथे फिरणे हा आनंद आहे. पण फेर म्हणजे बदलही. 'त्याच्या बोलण्यात फेर पडला' म्हणजे आधीचे आणि आताचे जुळत नाही. समासाच्या आरंभी आल्यावर हाच शब्द 'पुन्हा' असा अर्थ देतो: फेरविचार, फेरतपासणी, फेरमोजणी, फेरनिवडणूक. फेरमोजणीत तीच मते पुन्हा मोजतात. फेरनिवडणुकीत मते नव्याने पडतात. पुनरावृत्ती आणि परिवर्तन हे परस्परविरोधी भासणारे अर्थ एका अक्षरजोडीत एकत्र नांदतात, आणि संस्कृत 'वृत्' धातूच्या बाबतीतही तसेच झाले आहे. 'आवृत्ती'त तेच परत येते, 'परिवर्तना'त दुसरेच काही येते.

'फेरफार' या शब्दात ही दुहेरी धार सर्वाधिक जाणवते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 अन्वये खरेदी, वारसा, वाटणी आदी कारणांनी जमिनीवरील हक्कात बदल झाला की गावचा महसूल अधिकारी, म्हणजे लोकांच्या तोंडचा तलाठी, त्याची नोंद गाव नमुना 6 मध्ये घेतो. यालाच फेरफार नोंदवही म्हणतात. हितसंबंधितांना नोटीस दिली जाते, हरकत आल्यास तिची नोंद गाव नमुना 6-अ मध्ये होते आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावर सातबारा उताऱ्यावर नवे नाव चढते. अशा रीतीने येथे फेरफार हा कायदेशीर, जाहीर आणि तपासता येणारा बदल आहे. परंतु 'हिशेबात फेरफार केला' असे म्हणताच तोच शब्द लबाडी सुचवतो. जमिनीच्या तंट्यांत हे दोन्ही अर्थ समोरासमोर येतात. एक भाऊ म्हणतो, फेरफार झाला. दुसरा म्हणतो, फेरफार केला. अकर्मक आणि सकर्मक क्रियापदाच्या या भेदातच पुष्कळदा वादाचे मूळ असते.

सात पावले की सात फेरे

गेल्या काही दशकांत हिंदी चित्रपट आणि दूरचित्रवाणी मालिका यांच्या प्रभावाने 'सात फेरे' हा शब्दप्रयोग मराठी विवाहाच्या वर्णनात शिरला आहे. लग्नाच्या बातम्यांत आणि निमंत्रणांतही तो आढळतो. मराठी परंपरेतील विधी मात्र 'सप्तपदी' आहे. तांदळाच्या सात लहान राशी मांडून वधू-वर त्यांवर एकेक पाऊल टाकीत पुढे जातात. ही सात पावले पुढे जाणारी आहेत. ती परत फिरत नाहीत. अग्नीभोवती फिरणे हा विधीचा निराळा भाग असून तो लाजाहोमाशी संबंधित आहे. विवाहाला 'परिणय' हे जे नाव मिळाले, ते या अग्नीभोवती नेण्यावरून. 'परि' म्हणजे सभोवती आणि 'नी' म्हणजे नेणे. म्हणजे मराठी विवाहात गोल गती आणि सरळ गती या दोन्ही आहेत व भाषेने त्यांना स्वतंत्र नावे दिली आहेत.

हा भेद केवळ विद्वानांच्या कुतूहलाचा नाही. हिंदू विवाह अधिनियम, 1955 च्या कलम 7 नुसार विवाह दोहोंपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढ विधींनी होऊ शकतो. त्या विधींत सप्तपदीचा समावेश असेल, तर सातवे पाऊल टाकताच विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. कायद्याने सप्तपदीचा अर्थ पवित्र अग्नीसमोर वधू-वरांनी मिळून टाकलेली सात पावले असाच दिला आहे. त्यात फेऱ्यांचा उल्लेख नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये दिलेल्या एका निर्णयात आवश्यक विधी झाले नसतील तर केवळ नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असे स्पष्ट केले. अशा वादात साक्षीदार काय पाहिले ते सांगतो आणि तो ज्या शब्दांत सांगतो त्यांना महत्त्व येते. 'फेरे झाले' आणि 'सप्तपदी झाली' ही दोन विधाने एकच मानण्याची सवय लागली, तर नेमके काय घडले हे ठरविणे अकारण कठीण होईल. ज्या समाजांच्या रूढीत सप्तपदी नाही, त्यांच्या विवाहाला ही अट अर्थातच लागू नाही.

वाढणारे चक्र आणि भोवणारी कृती

'चक्र' हा शब्द भारताबाहेरही नातेवाईक राखून आहे. ग्रीक 'कुक्लोस' आणि इंग्रजी 'व्हील' हे त्याच मूळच्या घराण्यातले. ग्रीक शब्दापासून इंग्रजीमार्गे मराठीत 'सायकल' आली. प्राकृत 'चक्क' या रूपातून 'चाक' आले. हिंदीच्या वाटेने 'चक्कर' आली. एकाच पूर्वजाची इतकी रूपे मराठीत एकत्र नांदत आहेत. चाक बैलगाडीला आणि कुंभाराला, चक्र देवाच्या हाती आणि 1947 पासून राष्ट्रध्वजावर, ही विभागणी सहज पाळली जाते. गती जिथे अनिवार असते तिथेही चक्रच लागते. 'दारिद्र्याचे दुष्टचक्र' हा शब्दप्रयोग इंग्रजीवरून आला, पण तो घडवताना 'दुष्टवर्तुळ' असे कोणी म्हटले नाही, हे मराठीच्या जाणिवेचे लक्षण होय. वर्तुळ स्थिर असते. माणसाला चिरडते ते फिरणारे चाक.

'चक्रवाढ व्याज' या संज्ञेत चक्र आहे पण मूळ जागी येणे नाही. दर फेऱ्याला ते मोठे होत जाते. 10,000 रुपयांवर द.सा.द.शे. 12 दराने 10 वर्षांत सरळव्याजाने एकूण 22,000 रुपये होतात, तर चक्रवाढीने 31,058 रुपये. 'सरळ' आणि 'चक्र' हा विरोध गणिताच्या पुस्तकाने सहज केला, पण दख्खनच्या शेतकऱ्याने तो अंगावर सोसला. जुन्या हिंदू विधीत 'दामदुप्पट' नावाचा नियम होता. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असता कामा नये, असा त्याचा आशय. वरील उदाहरणात तो लावला तर सावकाराला 20,000 च्या पुढे मागता येत नाही. चाकाला लावलेली ही खीळ होती. मात्र थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेतला की खीळ निकामी होई. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उठाव झाला आणि तो तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातही पसरला, तेव्हा लोकांचा रोख प्रामुख्याने सावकारांकडील रोख्यांवर होता. 1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयांना रोख्याच्या मागे जाऊन कर्जाचा हिशेब आरंभापासून उघडण्याचा आणि मुद्दलात मुरवलेले व्याज वेगळे काढण्याचा अधिकार दिला. कायद्याने येथे चक्र सोडून सरळ रेषेत हिशेब करावयास सांगितले.

चक्रात माणूस सापडतो, तर 'भ्रम्' धातूतून आलेल्या शब्दांत माणूस स्वतःच फिरत असतो. भ्रमण म्हणजे फिरणे आणि भ्रम म्हणजे चुकीची समजूत. दोहोंत फक्त प्रत्ययाचे अंतर आहे. याच धातूचे मराठी वंशज म्हणजे भोवरा, भोवळ, भोवती आणि भोवणे. यांपैकी 'भोवणे' हे क्रियापद विशेष लक्षणीय आहे. 'ते प्रकरण त्याला भोवले' या वाक्यात केलेली कृती दूर जाऊन, फिरून, कर्त्याकडेच परत आलेली असते. कर्मसिद्धान्ताचे एखादे प्रकरण वाचून जे समजावे ते या एका क्रियापदात आहे, आणि तेही कोणत्याही पारलौकिक संदर्भावाचून. भूगोलाच्या परिभाषेने पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे ते 'परिवलन' आणि सूर्याभोवती फिरणे ते 'परिभ्रमण' असा भेद केला, तोही केंद्र आत आहे की बाहेर, यावरच आधारलेला आहे. पाठांतर करणारे विद्यार्थी या दोन शब्दांची अदलाबदल करतात, याचे कारण हा आधार त्यांना सांगितला जात नाही.

निरर्थक फिरण्यासाठी मराठीने 'वळसा' हा शब्द राखला आहे. 'काखेत कळसा, गावाला वळसा' या म्हणीतील माणूस पूर्ण फेरी घालून मूळ जागी येतो, आणि शोधलेली वस्तू आरंभापासून त्याच्याजवळच असते. बोलण्यातील वळशांना 'आढेवेढे' म्हणतात. शत्रूने घातला तो 'वेढा'. सिद्दी जौहरने 1660 मध्ये पन्हाळ्याला घातला तसा. सापाने आणि कर्जाने घातला तो 'विळखा'. वेढा फोडून बाहेर पडता येते, विळखा सोडवून घ्यावा लागतो. दोन्ही नामांना मराठीत क्रियापदेही वेगळी लागतात.

आवर्तन

'आवर्तन' हा शब्द आज तीन अगदी भिन्न क्षेत्रांत वापरला जातो. गणपती अथर्वशीर्षाच्या पाठात एकवीस किंवा सहस्र आवर्तने करतात. तेथे आवर्तन म्हणजे मोजलेली पुनरावृत्ती. संगीतात तीनतालाचे आवर्तन 16 मात्रांचे असते आणि समेवर ते पूर्ण होते. गायक मधल्या मात्रांत कितीही दूर जावो, समेवर येण्याचे बंधन त्याला असते. सम साधली की श्रोत्याची मान आपोआप हलते. येथे परत येणे म्हणजे अडकणे नाही, पोहोचणे आहे.

तिसरे क्षेत्र पाटपाण्याचे. धरणातून कालव्यात ठरावीक काळाने पाणी सोडणे याला महाराष्ट्रात आवर्तन म्हणतात: खरिपाचे, रब्बीचे, उन्हाळी. साठा पाहून किती आवर्तने द्यावयाची याचा विचार कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत होतो आणि 'दोन आवर्तने की तीन' या प्रश्नावर ऊस उभा राहणार की वाळणार हे ठरते. एका आवर्तनाच्या आत शेतकऱ्याशेतकऱ्यांत पाणी फिरते ते 'शेजपाळी'ने. शेजाऱ्यानंतर शेजारी, ज्याची त्याची पाळी. फिरण्याच्या या शब्दांत 'पाळी' हा कदाचित सर्वांत न्याय्य शब्द म्हणावा लागेल, कारण त्यात मध्यभागी कोणीच नाही आणि प्रत्येकाचा क्रम येतो. पण कालवा हा वर्तुळ नाही. त्याला मुख आहे आणि शेपूट आहे. वरच्या अंगाचे शिवार आधी भिजते आणि शेपटाकडे पोहोचेपर्यंत प्रवाह क्षीण होतो. म्हणून पाणी शेवटाकडून मुखाकडे देत यावे, असा संकेत सिंचन व्यवस्थेत सांगितला जातो. तो पाळला जात नाही तेथे कागदावर आवर्तन पूर्ण होते आणि शेपटाच्या शेतकऱ्याची पाळी न येताच पाणी बंद होते. मग तो पाटबंधाऱ्याच्या कचेरीत चकरा मारू लागतो.